श्वास मोजणारी काळी पट्टी : घरच्या टेबलावर पहिला लवचीक कार्बन सेन्सर

हातात काय पडणार ते आधीच सांगते. इलॅस्टिकचा वीतभर तुकडा, त्यावर काळा लेप आणि दोन टोकांना एकेक टिचबटण. हा तुकडा पट्ट्यात शिवून छातीभोवती बांधला की प्रत्येक श्वासाला त्याचा विद्युतरोध वर-खाली होतो आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लाट उमटते. दिसायला अगदी गबाळं प्रकरण आहे. पण मनगटावर, गुडघ्यावर, बुटाच्या तळव्यात किंवा मास्कमध्ये बसवायचे जे कार्बनी सेन्सर प्रयोगशाळांमध्ये बनतात, त्यांतल्या ताण मोजणाऱ्या सेन्सरांचं मूळ हेच.

वेळ धरा दोन रविवार. पहिल्या रविवारी लेप, दुसऱ्या रविवारी मोजमाप. मधले सहा दिवस लेप सुकायला लागतात असं नाही. माझ्या अनुभवाने तेवढे दिवस टिचबटणं बसवून, उसवून, पुन्हा बसवण्यात जातात. का, ते पुढे येईल.

आधी गर्दीचं गणित

अनंत चतुर्दशीला पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिला असाल तर या सेन्सरचं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. बेलबाग चौकातल्या गर्दीत मागून कुणी पाण्याची बाटली दिली तर ती हातोहात पुढे जाते. गर्दी दाट आहे तोवर. सकाळी रस्त्यावर तुरळक माणसं असताना बाटली जागची हलत नाही. माणसं दुप्पट झाली तरी हलत नाही. मग एका विशिष्ट दाटीला अचानक या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांची साखळी जुळते आणि बाटली सुटते. रबरात कार्बनचे कण मिसळताना हेच होतं. थोडे कण घातले तर रबर विद्युतरोधकच राहतं, मग थोड्याशा वाढीव कणांनी रोध एकदम हजारो-लाखो पटींनी कोसळतो. या उंबरठ्याला पर्कोलेशन म्हणतात.

आता सगळी गर्दी जमिनीसकट ताणली अशी कल्पना करा. माणसामाणसांतली अंतरं वाढली, काही साखळ्या तुटल्या, बाटली अडखळली. पट्टी ताणल्यावर रोध वाढतो तो असा. इलेक्ट्रॉनला तर हात टेकायचीही गरज नसते. एक-दोन नॅनोमीटरची फट तो ओलांडून जातो, मात्र फट किंचित रुंदावली की पलीकडे पोचणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटते. म्हणून उंबरठ्याच्या जरासं वर असलेली पट्टी सगळ्यात संवेदनशील. कार्बन ठासून भरला की वीज छान वाहते, पण ताणलं तरी रोध फारसा हलत नाही, कारण तुटलेल्या एका साखळीच्या जागी शंभर शिल्लक असतात. नवशिक्यांची पहिली पट्टी नेमकी अशी ‘फार चांगली’ होते आणि म्हणूनच निकामी ठरते.

एक आकडा लक्षात ठेवा, गेज फॅक्टर. रोधातला सापेक्ष बदल भागिले लांबीतला सापेक्ष बदल. पट्टी १० टक्के ताणल्यावर रोध २० किलोओहमवरून २५ किलोओहम झाला, तर रोध २५ टक्के वाढला, म्हणून गेज फॅक्टर २.५. पूल किंवा वजनकाटे यांत वापरतात त्या धातूच्या पत्र्याच्या स्ट्रेनगेजचा तो साधारण २ असतो आणि ती गेज काही टक्क्यांपलीकडे ताणता येत नाहीत. आपल्याला २ ते ५ मिळाला तरी काम होतं. आपली खरी कमाई ताणण्याच्या मुभेत आहे.

कोणता कार्बन घ्यायचा

नावं ऐकून बुजू नका, घराण्यात सगळे सख्खे-चुलतच आहेत. आजी निरांजनावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची, ती काजळी म्हणजेही कार्बनचे काही दशांश नॅनोमीटर नव्हे, चांगले काही दशक नॅनोमीटर व्यासाचे कण. कारखान्यात तेल किंवा वायू मोजक्या हवेत जाळून किंवा तापवून हेच काम नेमकेपणाने केलं की कार्बन ब्लॅक होतं. टायर काळे असतात ते त्यामुळे. (घरच्या काजळीचा प्रयोग करून पाहिलाय. तिच्यात तेलकट अंश फार राहतो, वीज जेमतेम वाहते. तूप घालून केलेलं काजळ तर नकोच.)

कार्बन नॅनोनलिका म्हणजे कार्बनच्या जाळीची पोकळ सुरळी. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं. जाडीच्या शेकडो-हजारो पट लांबी हा त्यांचा गुण. गर्दीतल्या प्रत्येकाने हातात ध्वजपथकाची लांब काठी आडवी धरली तर बाटली पोचवायला कितीशी माणसं लागतील? म्हणून नलिका वजनाने एक टक्क्याहून कमी असल्या तरी बऱ्याचदा पुरतात, कार्बन ब्लॅक त्याच्या कितीतरी पट लागतं. ग्राफीन म्हणजे तीच जाळी सुरळी न करता सपाट ठेवलेली, एका अणूच्या जाडीची. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ती ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने सोलून दाखवली आणि २०१० चं नोबेल मिळवलं.

पहिल्या पट्टीसाठी माझं मत स्पष्ट आहे: कार्बन ब्लॅक, तेही विद्युतवाहक प्रतीचं. रंगाच्या दुकानातली काळी पूड नको, फोटोकॉपीचा टोनर तर मुळीच नको, त्यात प्लॅस्टिकच जास्त असतं. बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी विकतात ते अ‍ॅसिटिलीन ब्लॅक उत्तम.

नॅनोनलिकांची कोरडी पूड घरात आणू नका. यात तडजोड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्तिक (एकात एक सुरळ्या असलेल्या) नलिकांचा एक प्रकार ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता’ असलेल्या गटात घातला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने नलिकांसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारी धूळ उडाली तर ती मर्यादा कधीच मागे पडली. नलिका हव्याच असतील तर पाण्यात मिसळलेल्या, तयार द्रावाच्या रूपात घ्या. कार्बन ब्लॅकही त्याच गटात आहे, तेव्हा तिथेही एन-९५ मास्क, हातमोजे, पंखा बंद आणि पूड ओली होईपर्यंत पिशवीबाहेर न काढणं हे नियम पाळायचेच. सांडलं तर केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

ग्राफीन विकत घेताना डोळे उघडे ठेवा. २०१८ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या साठ उत्पादकांचं ‘ग्राफीन’ तपासलं, तेव्हा बहुतेकांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं. उरलेलं बारीक ग्रॅफाइट. विक्रेत्याकडे रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून कार्बनची रचना ओळखता येते तो आलेख, मागा. तो काय मागताय म्हणून बघत राहिला तर दुसरीकडे जा.

पायरी पहिली : पेन्सिल आणि कागद

हे वगळून थेट शाईकडे जाण्याचा मोह होईल. जाऊ नका, अर्ध्या तासाचं काम आहे.

चित्रकलेची ६बी किंवा ८बी पेन्सिल घ्या. शाळेच्या एचबीत माती जास्त, ग्रॅफाइट कमी. जाडसर कागदाच्या पट्टीवर इंग्रजी यू सारखा आकार काढा, रेघ पाच मिलिमीटर रुंद, आणि ती चकाकेपर्यंत गिरवा. यूच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या पिना चिमट्याने लावा. आकडा काही किलोओहमपासून शेकडो किलोओहमपर्यंत काहीही येईल. आता रेघ बाहेरच्या अंगाला राहील अशी पट्टी वाकवा, रोध वाढेल. उलटी वाकवा, रेघ आत दबेल आणि रोध घटेल. लवचीक सेन्सर म्हणजे काय ते बोटांना कळलं.

मग एक खोडी करा. पट्टी न वाकवता फक्त चिमटा हलवा. आकडा तितकाच नाचतो, कधी कधी जास्तच. हे नाचणं डोळ्यांत साठवून ठेवा. पुढचा निम्मा लेख त्याच्याबद्दल आहे.

सामान

मल्टिमीटर, आर्दुइनो (सेन्सरचे आकडे वाचून लॅपटॉपला देणारा छोटा बोर्ड), जम्पर वायरी आणि रोधक तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. रविवारी जाणार असाल तर दुकान उघडं आहे का ते फोनवर विचारून निघा. मल्टिमीटर निदान २ मेगाओहमपर्यंत मोजणारा हवा, आणि ‘बीप’ करणारा. एक सेंटिमीटर रुंदीचं विणलेलं इलॅस्टिक, टिचबटणं, कॅनव्हासचे तुकडे आणि न ताणणारी नाडी यांसाठी तुळशीबाग किंवा रविवार पेठेतली शिंप्यांच्या सामानाची दुकानं. बटण घेताना मल्टिमीटर सोबत न्या आणि बीप वाजतो का पाहा. रंग किंवा लॅकर चढवलेली बटणं वीज नेत नाहीत. दुकानदार विचित्र नजरेने बघतील. बघू द्या.

रबराचा चीक, म्हणजे द्रव लेटेक्स, रसायनं विकणाऱ्यांकडे मिळतो. त्यात साधारण ६० टक्के रबर असतं आणि गोठू नये म्हणून अमोनिया घातलेला असतो, वासाने डोळे चुरचुरतात, खिडकी उघडी ठेवा. घरात कुणाला रबरी हातमोजे किंवा फुगे यांची अ‍ॅलर्जी असेल तर लेटेक्सच्या वाटेला जाऊ नका, सिलिकोन रबर वापरा. त्याचं गणित वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

बाकी: औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज, झाकणाची काचेची बरणी, सायकलच्या बेअरिंगमधल्या मूठभर गोळ्या, भांडी घासायचा द्रव साबण, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा.

शाई

कोरडी पूड एकदाच, तीही पारदर्शक पिशवीत हात घालून मोजायची. ३.५ ग्रॅम कार्बन ब्लॅक बरणीत टाका, वर साबणाचे आठ-दहा थेंब घातलेलं ७० मिलिलिटर पाणी हळूहळू ओता, गोळ्या टाका, झाकण घट्ट लावा. आता धूळ संपली, मास्क उतरवलात तरी चालेल. बरणी हलवा. वीस मिनिटं. हात दुखतील, घरातल्या मुलांना कामाला लावा. प्रयोगशाळेत हे काम ध्वनिलहरींचं यंत्र करतं. चष्म्याच्या दुकानात चष्मे धुवायची छोटी अल्ट्रासॉनिक टाकी असते, ओळखीचा दुकानदार असेल तर त्याच्याकडे बंद बरणी दहा मिनिटं बुडवून आणा.

साबण कशासाठी? कार्बनला पाणी आवडत नाही, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. साबणाचे रेणू मध्ये पडून त्यांना सुटं ठेवतात. पिठलं करताना पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतो ना, तसंच. गुठळी राहिली की वजनात कार्बन भरतो पण साखळीत येत नाही.

या रसाच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण ०.०५ ग्रॅम कार्बन आहे. चार कपांत प्रत्येकी १० ग्रॅम लेटेक्स घ्या, म्हणजे कपागणिक ६ ग्रॅम रबर. त्यांत सिरिंजने अनुक्रमे ६, १२, १८ आणि २४ मिलिलिटर रस घाला. रबराच्या मानाने कार्बन ५, १०, १५ आणि २० टक्के झाला. एकच मिश्रण करून ‘जमलं की नाही’ बघण्यापेक्षा चार करा, कारण तुमच्या हाती आलेल्या कार्बन ब्लॅकचा उंबरठा कुठे आहे ते कुणाच्याही लेखात लिहिलेलं नसतं. ५ टक्क्यांची पट्टी बहुधा मुकी निघेल, २० टक्क्यांची बेफिकीर. मधल्या दोघींत तुमची पट्टी आहे.

ढवळताना काडी सावकाश फिरवा, फेस नको. आणि आम्लाचा थेंबही जवळ येऊ देऊ नका. केरळात रबराच्या शीट करताना चीक गोठवायला फॉर्मिक आम्लच घालतात. व्हिनेगरने पुसलेल्या वाटीत मी एकदा लेटेक्स ओतलं आणि नासलेल्या दुधासारखा चोथा हाती आला. असं झालं तर गाळून वाचवायच्या भानगडीत पडू नका, फेका.

लेप

इलॅस्टिकचा २० सेंटिमीटरचा तुकडा साबणाने धुऊन वाळवा, त्याला कारखान्यातली खळ असते. लाकडी फळीवर किंचित ताणून दोन्ही टोकांना चाप लावा. मधल्या १३ सेंटिमीटरवर ब्रशने शाई टिपत टिपत लावा, घासू नका, ती धाग्यांत मुरायला हवी. पातळ तीन हात, दोन हातांमध्ये पाऊण तास. जाड एकच हात दिला तर वरची साय आधी धरते, आतला ओलावा कोंडतो आणि आठवड्याने भेगा पडतात. रात्रभर पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री.

सुकल्यावर मल्टिमीटर लावा. काही किलोओहम ते शंभरेक किलोओहम यांच्या मध्ये कुठेही असाल तर पुढे चला.

टोकं, म्हणजे खरी डोकेदुखी

कार्बनवर झाळ बसत नाही. मऊ, ताणणारी पट्टी आणि कडक, न ताणणारी तार यांची गाठ जिथे पडते तिथेच सगळे सेन्सर मरतात. दर वर्षी मुलं माझ्याकडे पट्टी घेऊन येतात, ‘मॅडम, मटेरिअल खराब आहे’. दहांत नऊ वेळा मटेरिअल ठणठणीत असतं, टोक सैल असतं. पेन्सिलीवर चिमटा नाचवला होता तो आठवा. पट्टी ताणताना टोकही हलत असेल तर पडद्यावरच्या लाटेत श्वास किती आणि चिमटा किती, हे देवही सांगू शकणार नाही.

म्हणून असं करा. लेपाच्या दोन्ही कडांना दीड-दीड सेंटिमीटरवर, पट्टीच्या मागून कॅनव्हासचा तुकडा पक्का शिवा. आता तेवढा भाग ताणला जाणार नाही. त्या भागावर त्याच शाईचा आणखी एक दाट हात द्या, ओला असतानाच टिचबटण ठोका, बटणाच्या कडेने पुन्हा शाई भरा. चांदीची पेस्ट मिळाली तर पहिला हात तिचा द्या. तार बटणाच्या जोडीदाराला झाळा, पट्टीला नाही. म्हणजे पट्टी धुवायला सुटी होते. आणि तारेला थोडी ढील ठेवून तीही कॅनव्हासला टाक्याने बांधा, ओढ बसली तर टाक्याला बसेल, बटणाला नाही.

टोक चांगलं की वाईट हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतं. बटण लावण्याआधी, उरलेल्या एखाद्या लेपलेल्या पट्टीवर दोन पिना २ सेंटिमीटर अंतरावर सारख्या जोराने दाबून रोध मोजा, मग ४, ६, ८ वर. आलेखावर आडवं अंतर, उभा रोध. बिंदू साधारण सरळ रेषेत येतील. ती रेषा मागे वाढवून अंतर शून्यापर्यंत न्या. तिथे रोध शून्य यायला हवा, पण येत नाही. जो उरतो तो दोन्ही टोकांचा रोध. बटण लावल्यावर पट्टीचा एकूण रोध याच रेषेशी ताडून पाहा. टोकांचा वाटा एकूण रोधाच्या दहाव्या हिश्श्यात असेल तर नशीबवान आहात. तिसऱ्या हिश्श्यावर गेला असेल तर बटण काढा.

शेवटी बटणं सोडून बाकी लेपावर निव्वळ लेटेक्सचा एक हात. हा पट्टीचा रेनकोट.

व्यायाम आणि वही

नवी पट्टी पहिल्या ताणाला जो आकडा दाखवते तो दुसऱ्याला दाखवत नाही. भरलेलं रबर पहिल्या काही ताणांत मऊ पडतं, कार्बनच्या काही साखळ्या कायमच्या तुटतात, काही नव्या जुळतात. तेव्हा मोजण्याआधी पट्टी २० टक्क्यांपर्यंत शंभर वेळा ताणा. टीव्ही बघता बघता होतं.

मग फळीवर स्टीलची पट्टी, एक टोक चापात, दुसरं हातात. कॅनव्हासचे दोन तुकडे सोडून लेपाचा ताणला जाणारा भाग १० सेंटिमीटर आहे, म्हणून दर ५ मिलिमीटरला ५ टक्के ताण. ०, ५, १०, १५, २० असं चढताना, आणि २० पासून ० पर्यंत उतरताना, प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबून आकडा वहीत लिहा. तारीख, वेळ, आणि पाऊस आहे की ऊन हेही लिहा. तीन फेऱ्या.

दोन गोष्टी दिसतील आणि दोन्हींनी तुम्ही गोंधळाल. एक, उतरतानाचा आलेख चढतानाच्या आलेखावर बसत नाही. हे हिस्टेरेसिस, रबराचा स्वभाव. जास्तीत जास्त किती फरक पडतो तेवढं नोंदवा. दुसरी जास्त चक्रावणारी: पट्टी झटकन सोडली तर रोध कमी होण्याआधी क्षणभर पुन्हा वाढतो, म्हणजे एका ताणाला दोन शिखरं. कार्बन ब्लॅक आणि रबराच्या जोडीत हे नेहमीचं आहे. सोडतानाही कण सरकतात आणि जुळलेल्या साखळ्या तात्पुरत्या मोडतात. पट्टी बिघडलेली नाही. सावकाश सोडली की दुसरं शिखर बसतं.

आता कळेल की पहिला प्रयोग म्हणून मी श्वास का निवडला. ‘गुडघा नेमका किती अंशांत वाकला’ हे विचारलं तर हिस्टेरेसिस, सरकणारी पायरेषा (ज्याच्या वर-खाली लाट उमटते तो मूळ आकडा), हवेतला ओलावा सगळे उत्तरात लुडबुड करतात. ‘मिनिटात किती वेळा फुगला’ एवढंच विचारलं तर पट्टीचे हे सगळे दोष असूनही ती बरोबर सांगते. आकडा विचारू नका, मोजणी विचारा. नाडीचे ठोके हेही मोजणीच आहे, पण मनगटाच्या कातडीची हालचाल इतकी सूक्ष्म की ही पट्टी तिथे पुरत नाही. त्यासाठी मुद्दाम सूक्ष्म भेगा पाडलेले, भलत्याच मोठ्या गेज फॅक्टरचे थर लागतात.

आर्दुइनोला जोडणं

पट्टीइतक्याच रोधाचा एक साधा रोधक घ्या. पट्टी २० किलोओहमची असेल तर २२ चालेल. ५ व्होल्टपासून पट्टी, पट्टीपासून रोधक, रोधकापासून ग्राउंड, आणि मधल्या सांध्यावरून तार ए-झिरो पिनेला. दोन्ही २० धरले तर सांध्यावर २.५ व्होल्ट, आर्दुइनो उनोच्या हिशेबात (तो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो) ५१२. पट्टी २५ झाली की २.२२ व्होल्ट, म्हणजे ४५५. सत्तावन्न पायऱ्यांचा फरक, श्वास मोजायला भरपूर. उनोची पिन १० किलोओहमहून मोठ्या रोधावरून वाचताना गडबडते, म्हणून सांध्यापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून टाका. आर्दुइनोऐवजी इएसपी-३२ हा बोर्ड वापरत असाल तर ३.३ व्होल्ट द्या, आणि त्याचं मोजमाप दोन्ही टोकांना वाकडं असतं, मधल्या पट्ट्यात राहा.

सेकंदाला वीस वाचनं घ्या. शेवटच्या दहांची सरासरी म्हणजे श्वासाची रेषा. शेवटच्या तीनशेंची, म्हणजे पंधरा सेकंदांची सरासरी ही पायरेषा. एकीतून दुसरी वजा करा. उत्तर ऋणातून धनात गेलं की एक श्वास मोजा, आणि पुढचा एक सेकंद काहीही मोजू नका. एवढंच. पायरेषा स्वतः सरकत राहते, म्हणून पट्टी सैलावली किंवा तापली तरी मोजणी चुकत नाही. तुमच्या जोडणीत छाती फुगल्यावर लाट खाली जाईल. मोजणीला काही फरक पडत नाही, बघायला विचित्र वाटत असेल तर चिन्ह उलटं करा.

अंगावर पट्टी असताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला नको. बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवरच. पाच व्होल्टने काही होत नाही हे खरं, पण बिघडलेल्या चार्जरमधून काय येईल याची खात्री कोण देणार?

छातीवर

इथे एक चूक जवळपास सगळे करतात: पूर्ण पट्टाच इलॅस्टिकचा शिवतात. शांत श्वासात छातीचा घेर फार तर सेंटिमीटरभर वाढतो. ऐंशी सेंटिमीटर इलॅस्टिकमध्ये तो वाटला गेला तर तुमच्या पट्टीच्या वाट्याला एक टक्क्याच्या आसपासच ताण येतो. बाकीचा पट्टा न ताणणाऱ्या नाडीचा करा, फक्त लेपाचे मधले १० सेंटिमीटर ताणू द्या. आता तोच सेंटिमीटर दहा टक्के झाला. गेज फॅक्टर न वाढवता संवेदनशीलता अनेक पटींनी वाढली, तीही शिलाई मशीनवर.

पट्टा बरगड्यांच्या खालच्या भागात, सुती बनियनवरून बांधा, थेट कातडीवर नको. घाम म्हणजे खारं पाणी, तो लेपाला समांतर वाट काढून देतो आणि रोध पडतो. बसून, कुणाला तरी हाताने श्वास मोजायला सांगून एक मिनिट ताडून पाहा. निवांत बसलेल्या प्रौढाचे मिनिटाला १२ ते २० येतात.

टेबलावर जमलं की पट्टा बांधून पर्वतीवर जा. एकशेतीन पायऱ्या चढताना लाटेत पावलांचे धक्के मिसळतात, मोजणी फसते, ते साहजिक आहे. वर पोचून कठड्याशी उभे राहा आणि पुढची पाच मिनिटं नोंदवा. तीस-पस्तीसवरून श्वास हळूहळू खाली येतानाचा आलेख इतका सुरेख येतो की शिलाईचा त्रास विसरायला होतं. जुलैत गेलात तर दमट हवेने पायरेषा घसरताना दिसेल. वहीत लिहून ठेवा आणि जानेवारीत त्याच पट्टीने पुन्हा चढा.

हा खेळ आहे, वैद्यकीय उपकरण नाही. घरातल्या आजारी माणसाच्या छातीला बांधून औषधाचे निर्णय घेऊ नका. विकायचा विचार आलाच तर भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम आहेत, ते आधी वाचा.

लेझर मिळत असेल तर

२०१४ मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने दाखवलं की पॉलिइमाइडच्या पिवळ्या फिल्मवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला की ती जागेवरच सच्छिद्र ग्राफीनमध्ये बदलते. ना शाई, ना धूळ. हीच फिल्म कॅप्टॉन टेप म्हणून मोबाइल दुरुस्तीवाले रोज वापरतात. अ‍ॅक्रिलिकची नावं कापून देणाऱ्या दुकानात तोच लेझर असतो. टेप फरशीच्या तुकड्यावर बुडबुडे न राहता चिकटवून न्या आणि कापायच्या कितीतरी कमी शक्तीवर, फोकस किंचित हलवून, लहान लहान चौकोन मारून मागा. तपकिरी डाग पडला तर शक्ती कमी पडली, टेप फाटली तर जास्त झाली, मखमली काळं आलं की तीच जागा. धूर ओढणारा पंखा चालू हवा. आणि पीव्हीसीची टेप चुकूनही नेऊ नका, तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो फुप्फुसांनाही वाईट आणि दुकानदाराच्या यंत्रालाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, तिकडे जाणं जमत असेल तर अशा कामाची माणसं भेटतात.

कॉलेजात असाल तर मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र घेऊन विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात रामन करून घ्या. आलेखावर १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं शिखर दोषांचं, १५८० चं ग्रॅफाइटी जाळीचं, २७०० च्या आसपासचं थरांबद्दल सांगतं. नमुना नेताना काचपट्टीवर नावासोबत वहीतला पान क्रमांकही लिहा. महिन्याने निकाल येतो तेव्हा ‘बी-३’ म्हणजे १५ टक्क्यांची पट्टी होती की २० टक्क्यांची, हे आठवत नाही. मला नव्हतं आठवलं.